रस्त्याच्या आराखड्यावर हरकत घेताय? या चुका टाळा

पुणे महापालिकेने जुन्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा (शहरातले रस्ते आणि जमिनीचा वापर ठरवणारा मसुदा) २०१३ मध्ये जाहीर केला, तेव्हा त्यावर सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. मधल्या काळात शासनाने तो आराखडा महापालिकेच्या हातून काढून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे दिला आणि अंतिम मंजुरीला जानेवारी २०१७ उजाडला. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये आलेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की दोनच महिन्यांत तो बाजूला ठेवून नव्याने काम करावं लागलं. उभ्या इमारतींवरून गेलेले रस्ते आणि नकाशावरून गायब झालेल्या जुन्या वास्तू नागरिकांनीच शोधून दाखवल्या होत्या. म्हणजे हरकतीत ताकद आहे. पण ८७ हजार अर्जांच्या ढिगात तुमच्या अर्जाच्या वाट्याला किती मिनिटं येतील, याचाही विचार करा. तेवढ्या मिनिटांत वाचणाऱ्याला मुद्दा कळला नाही, तर पोटतिडकीने लिहिलेलं सगळं वाया जातं.

आमच्या भागातल्या लोकांना असे अर्ज लिहायला मी मदत करते. रस्ता, उड्डाणपूल, मेट्रो, बसमार्ग, विषय कोणताही असो, चुका त्याच त्याच होतात. बहुतेक चुका टाळता येण्यासारख्या आहेत.

जेसीबी आल्यावर जागं होणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रस्त्याचं काम सुरू झालं की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संताप उसळतो, सह्या गोळा होतात, नगरसेवकाला घेराव होतो. तोवर आराखडा मंजूर, अंदाजपत्रकात तरतूद, निविदा, कार्यादेश, सगळं होऊन गेलेलं असतं. बोलण्याची खरी वेळ त्याच्या कितीतरी आधी येते, आणि ती फार थोडे दिवस असते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ नुसार प्रारूप विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात. बहुतेक शहरांत त्यासाठी ३० दिवस मिळतात. मुदत कधी वाढते, कधी नाही, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन जाणार असेल तर राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या ‘३अ’ अधिसूचनेनंतर (जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी सूचना) हरकतीला फक्त २१ दिवस असतात. गावाकडे हे २१ दिवस पेरणीच्या किंवा लग्नसराईच्या धांदलीत निघून जातात. पुढे ‘३ड’ची घोषणा झाली की जमीन सरकारकडे निहित होते आणि मग भांडण उरतं ते मोबदल्याचं. रुंदीकरणात झाडं जाणार असतील तर झाडावर चिकटवलेल्या नोटिशीवर हरकत घ्यायला जेमतेम सात दिवस मिळतात.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचा, विशेषतः बारीक टायपातल्या. आणि महापालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) किंवा तुमच्याकडे जे प्राधिकरण असेल त्याच्या संकेतस्थळावरचं जाहीर सूचनांचं पान दर सोमवारी उघडा. सोसायटीत किंवा गावात हे काम एका माणसाकडे नेमून द्या. सगळ्यांवर सोडलं तर कोणीच करत नाही.

रुंदीकरण नेहमी विकास आराखड्यातूनच येतं असंही समजू नका. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे त्याची ठरलेली कडा, बदलता येते. पुण्यात २०२० मध्ये सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव याच कलमाखाली आला होता आणि त्यावर मोठा वाद झाला. गल्लीतल्या माणसाला ‘डीपी’वर, म्हणजे विकास आराखड्यावर, लक्ष ठेवायचं माहीत होतं, पण हे कलम बहुतेकांना तेव्हाच कळलं.

चुकीच्या दारात अर्ज

तुमच्या दारातला रस्ता कोणाचा, हे आधी शोधा. तो महापालिकेचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा, एमएसआरडीसीचा (महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ) किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा असू शकतो. पुण्यात वनाज–रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड–स्वारगेट मेट्रो महामेट्रो या सरकारी कंपनीची आहे, हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग मात्र पीएमआरडीएचा. बसचा थांबा किंवा मार्ग बदलायचा तर शहर बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलकडे जायचं. एकेरी वाहतूक आणि नो-पार्किंगचे आदेश वाहतूक पोलीस काढतात. ते आधी तात्पुरते असतात आणि त्यांच्यावर लेखी हरकती मागवलेल्या असतात, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ दुसरीकडे पाठवला जातो, आणि तो तिथे पोचेपर्यंत मुदत टळून जाते. नोटिशीत ज्या अधिकाऱ्याचं पदनाम आणि पत्ता दिला असेल त्यालाच मूळ अर्ज द्या. आमदार, खासदार, नगरसेवक यांना प्रत पाठवा, पण प्रतच.

नकाशा न उघडता हरकत

इथे मी थोडी थांबणार आहे, कारण निम्म्या हरकती इथेच दुबळ्या होतात.

लोक प्रस्तावित नकाशा बघतात आणि त्यावरची रेघ आपल्या घरावरून जाते का तेवढंच शोधतात. त्याच्या आधीचा एक नकाशा असतो, विद्यमान जमीन वापर नकाशा. आज जमिनीवर काय आहे ते त्यात दाखवलेलं असतं. रस्त्याची रेषा याच नकाशाच्या आधारे आखली जाते. तुमची वस्ती त्यात मोकळी जागा म्हणून दाखवली असेल किंवा ओढा गायब असेल, तर प्रस्तावित रस्ता त्यावरून जाणारच. अशा वेळी ‘रस्ता नको’ म्हणण्यापेक्षा ‘विद्यमान जमीन वापर नकाशात या जागेची नोंद चुकली आहे, सोबत पुरावा जोडला आहे’ हे म्हणणं कितीतरी वजनदार ठरतं. वीजबिल, मिळकतकराची पावती, सातबारा, मंजूर बांधकाम नकाशा, तारखेसह काढलेले फोटो, यातलं जे असेल ते जोडा. आराखडा करणाऱ्याच्या मताशी वाद घालता येतो, पण नोंदीतली चूक पुराव्यासमोर टिकत नाही.

नकाशावर रस्त्याची रुंदी मीटरमध्ये लिहिलेली असते. ती वाचा आणि कागदावर तिचे भाग पाडून बघा. बारा मीटरच्या रस्त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरचे पदपथ काढले तर गाड्यांना आठ मीटर उरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांत पदपथाची किमान मोकळी रुंदी १.८ मीटर सांगितली आहे. पुणे महापालिकेने तर २०१६ मध्ये स्वतंत्र पादचारी धोरण मान्य केलं. तुमच्या हरकतीत हे दोन आधार आले, की ‘पदपथ द्या’ ही विनंती राहत नाही. प्राधिकरणाने स्वतः मान्य केलेल्या नियमाची ती आठवण होते.

नकाशातला रंग आणि खुणांचा तक्ता समजला नाही तर नगररचना विभागात जाऊन विचारा. भाग नकाशा मागा. तिथले कनिष्ठ अभियंते आणि आरेखक अनेकदा नीट समजावून सांगतात, विशेषतः तुम्ही सर्व्हे नंबर किंवा गट नंबर हातात घेऊन गेलात तर. ‘मारुती मंदिरामागचा रस्ता’ म्हणालात, तर गावात तीन मारुती मंदिरं असतात.

‘आमचा तीव्र विरोध आहे’

हे वाक्य पहिल्या ओळीत लिहून पुढे दोन पानं भरली, तरी हरकती ऐकणाऱ्या समितीला करण्यासारखं काही सापडत नाही. हरकत चार भागांत बसते. जागा नेमकी कोणती, तिथे काय चुकतंय, त्याने कोणाचं काय नुकसान होतं आणि त्याऐवजी काय करता येईल.

उदाहरणार्थ, असं लिहा: ‘गट क्रमांक अमुकमधून जाणारा १८ मीटर प्रस्तावित रस्ता जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणातून जातो. शाळेला दुसरं पटांगण नाही. हीच रेषा पश्चिमेकडे सरकवून गट क्रमांक तमुकमधल्या पडीक शासकीय जमिनीतून नेल्यास रस्त्याची लांबी फारशी वाढत नाही. सोबत नकाशा जोडला आहे.’ हे पाच ओळींत होतं. समितीतला माणूस हे वाचून नकाशावर बोट ठेवू शकतो, आणि अर्ज टिकायचा तर तेवढं पुरतं.

पर्याय सुचवायला स्थापत्य अभियंता असावं लागत नाही. जमीन ओळखणारा माणूस लागतो. तुमच्या शिवारात पाणी कुठून वाहतं, पावसाळ्यात कोणता पूल बुडतो, ऊसवाहतुकीच्या दिवसांत ट्रॅक्टर कुठे अडकतात, हे सल्लागार कंपनीच्या अहवालात क्वचित सापडतं. ते तुमच्याकडे आहे. लिहा.

एकच मजकूर, हजार सह्या

सह्यांची मोहीम लोकभावना दाखवायला चांगली आहे. पण एकाच मजकुराच्या छापील प्रती समितीपुढे आल्या की त्यांचा एक गठ्ठा होतो आणि त्यावर एकच निर्णय होतो. त्यापेक्षा पंचवीस जणांनी आपापल्या अडचणीचे पंचवीस वेगळे अर्ज द्यावेत. दुकानदार, रिक्षाचालक, शाळेत चालत जाणाऱ्या मुलीचे पालक, कंपनीत तिसऱ्या पाळीला जाणारी बाई, प्रत्येकाच्या वाटेला तोच रस्ता वेगळा लागतो.

यातूनच मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट येते. वाहतुकीच्या आराखड्यावर येणाऱ्या हरकतींत गाडी चालवणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, बसने जाणाऱ्यांचा आणि चालणाऱ्यांचा जवळपास ऐकूच येत नाही. देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्ग, पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर सुरू झाली. तिच्यात खऱ्या अडचणी होत्या, थांबे अपुरे होते, रस्ता ओलांडणं धोक्याचं होतं. त्या दुरुस्त करा असं म्हणणारे थोडे आणि मार्गच काढा म्हणणारे बरेच. नगर रस्त्यावरच्या बीआरटीचे टप्पे अलीकडे काढून टाकण्यात आले. त्या बसमध्ये उभं राहून रोज प्रवास करणाऱ्यांपैकी किती जणांना महापालिकेत अर्ज द्यायला सुट्टी काढता आली असेल? २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचं मूळ सूत्रच वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य देणं हे आहे. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशी, सोसायटीचे वॉचमन काका, कॉलेजची मुलं यांचं म्हणणं विचारा आणि त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने अर्ज लिहायला बसा. या कामाला एक रविवार पुरतो.

पुण्यातल्या विद्यापीठ चौकातले उड्डाणपूल २०२० मध्ये पाडावे लागले. बांधून त्यांना दोन दशकंही झाली नव्हती. मेट्रो आणि नवा दुमजली पूल त्याच जागेतून न्यायचा, तर जुन्या पुलांच्या रचनेत त्याला जागाच नव्हती. आज गाड्यांसाठी पूल मागताना उद्या तिथून बस किंवा मेट्रो कशी जाणार, हा प्रश्न नागरिकांनीही विचारायला हवा.

माहिती अधिकाराचा अर्ज उशिरा टाकणं

सुविद्य माणसंही इथे फसतात. हरकतीची मुदत ३० दिवस आणि माहिती अधिकारातल्या उत्तराची मुदतही ३० दिवस. नोटीस निघाल्यावर दोन-तीन दिवसांनी अर्ज टाकला तरी उत्तर हरकतीची मुदत संपल्यावरच येतं. त्यापेक्षा आधी अभिलेख पाहणीची वेळ साधा. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहता यावीत असं अपेक्षित आहे. परिपत्रकाची प्रत सोबत न्या, कामाला येते. कागद मिळाले नाहीत तरी हरकत थांबवू नका. ‘मागितलेला वाहतूक सर्वेक्षण अहवाल मिळालेला नाही, तो मिळाल्यावर पुरवणी हरकत देण्याचा हक्क राखून ठेवत आहे’ असं लिहून मुदतीत अर्ज द्या.

अर्ज दिला, पुढे काही कळत नाही

पोच मिळाली नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ऑनलाइन दिला असेल तर नोंद क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ बंद पडलं तर त्याचाही स्क्रीनशॉट काढा, नोटिशीतल्या पत्त्यावर ईमेल करा आणि त्याच दिवशी कागदी अर्ज नेऊन द्या.

सुनावणीचं पत्र न येणं ही नेहमीची तक्रार आहे. अर्जाच्या शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी’ हे वाक्य, चालू मोबाइल नंबर आणि पूर्ण पत्ता लिहा. सुनावणी कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे होते. तिथे प्रत्येकाला थोडाच वेळ मिळतो, म्हणून मोठा नकाशा आणि एक फोटो न्या. आधी जागा दाखवा, मग काय बदल हवा ते सांगा. इतिहास सांगत बसू नका. गटाने गेलात तर मुद्दे आधी वाटून घ्या.

महापालिकेत निवडून आलेलं सभागृहच नसेल तर? पुण्यात मार्च २०२२ नंतर ही स्थिती दीर्घकाळ होती. सगळे निर्णय प्रशासकाकडे. अशा काळात लेखी हरकतीचं महत्त्व वाढतं, कारण तुमच्या वतीने सभागृहात उभं राहून बोलणारं कोणी नसतं.

खेड्यात राहत असाल तर ग्रामसभेचा ठराव घ्या, ठरावाची प्रमाणित प्रत जोडा. गोव्यात प्रादेशिक आराखडा २०११ लोकांच्या विरोधामुळे रद्द झाला. त्यानंतर २०२१ चा आराखडा करताना मसुदे ग्रामपंचायतींपर्यंत नेऊन गावांची मतं मागवली गेली. तुमच्या ग्रामपंचायतीला नकाशाच मिळाला नसेल, तर तो मागणारा ठराव हीच पहिली हरकत होऊ शकते.

आराखडा मंजूर झाल्याची बातमी आली की लोक फाइल बंद करतात. तसं करू नका. शासन मंजुरी देताना मोठ्या स्वरूपाचे बदल करतं तेव्हा ते बदल वगळून वेगळे प्रसिद्ध केले जातात आणि त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात. पुण्याच्या २०१७ च्या मंजुरीच्या वेळीही असे वगळलेले भाग होते. तुमचा रस्ता त्या यादीत आला असेल तर मुदत नव्याने सुरू होते. जुनी पोच, जुना नकाशा आणि समितीने तुमच्या अर्जावर दिलेला अभिप्राय सोबत जोडून नवा अर्ज त्या मुदतीत द्या, तोही नव्या नोटिशीत दिलेल्या अधिकाऱ्याकडे.