लग्नाच्या चित्रीकरणात आवाजाची हमी कशी घ्यावी

लग्नाच्या चित्रीकरणात एखादे दृश्य हुकले, तर दुसऱ्या कॅमेऱ्यातले घेता येते. तेही नसेल, तर पाहुण्यांचे चेहरे दाखवून वेळ मारून नेता येते. आवाजाच्या बाबतीत ही सोय नाही. मंगलाष्टके पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत, म्हणून महत्त्वाचा प्रत्येक आवाज किमान दोन स्वतंत्र मार्गांनी, म्हणजे वेगळा माईक, वेगळी बॅटरी आणि वेगळे कार्ड वापरून, नोंदवला गेला पाहिजे. एकाच रेकॉर्डरला दोन माईक जोडले, तर तो रेकॉर्डर बंद पडताच दोन्ही आवाज जातात. कॅमेऱ्यावरच्या माईकचा उपयोग पुढे आवाज जुळवण्यापुरताच धरावा, कारण बोहल्यापासून लांब असल्यामुळे त्यात गुरुजींपेक्षा पंखे आणि पाहुण्यांच्या गप्पाच अधिक येतात.

विधींमध्ये सर्वाधिक बोलतात ते गुरुजी. वर अनेकदा सोवळे नेसून उघड्या अंगावर उपरणे घेतो आणि ते सारखे घसरते. वधूच्या शालूची जर आणि गळ्यातले दागिने माईकवर घासून प्रत्येक हालचालीला खरखर होते. म्हणून छोटा क्लिप माईक पहिल्यांदा गुरुजींना लावावा, उपरण्याच्या काठाला, हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर. वायरीचा एक लहान वळसा चिकटपट्टीने कापडाला धरून ठेवला, तर ओढ थेट माईकपर्यंत पोहोचत नाही. सोवळ्यात असलेल्या गुरुजींना दुसऱ्याचा स्पर्श चालेलच असे नाही. विधी सुरू होण्याच्या बऱ्याच आधी त्यांना विचारावे आणि माईक त्यांच्याच हातांनी लावून घ्यावा. ते नको म्हणाले, तर वाद न घालता चौरंगाजवळ बुटक्या स्टँडवर रेकॉर्डर ठेवावा, मात्र होमाची धग आणि धूर लागणार नाही अशा बाजूला. वायरलेस संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा असेल, तर वाय-फायच्या गर्दीत आणि मध्ये माणसे उभी राहिल्यावर आवाज तुटू शकतो. त्यामुळे बोलणाऱ्याच्या अंगावरच्या ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होण्याची सोय असलेला संच घ्यावा. हा खर्च मी चांगल्या लेन्सच्या आधी करीन.

दुसरा मार्ग कार्यालयाच्या साऊंड सिस्टिमचा. मंगलाष्टके म्हणताना माईक मामा, आत्या, मैत्रिणी यांच्या हातांतून फिरतो आणि त्या सगळ्यांचा स्वच्छ आवाज फक्त मिक्सरवरच, म्हणजे सगळे माईक जिथे एकत्र येतात त्या यंत्रावरच, मिळतो. साऊंडवाल्याशी सकाळीच बोलून मिक्सरच्या ऑक्स किंवा रेकॉर्ड आउट या आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून वायर घ्यावी आणि ती कॅमेऱ्यात न घालता बॅटरीवर चालणाऱ्या स्वतंत्र रेकॉर्डरला जोडावी; वीजजोडणीतून येणारी 50 हर्ट्झची गुणगुण त्यामुळे बहुतेक वेळा टळते. मिक्सरमधून येणारा सिग्नल लाइन पातळीचा, म्हणजे माईकच्या तुलनेत फार मोठा असतो, म्हणून रेकॉर्डरचे इनपुट ‘लाइन’वर ठेवावे आणि 48 व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे माईकसाठी वायरीतून दिला जाणारा वीजपुरवठा, बंद असल्याची खात्री करावी. तरीही या एकट्या वायरीवर विसंबू नये: साऊंडवाल्याने मधेच चॅनेल बंद केला, तर आपल्याकडेही शांतताच नोंदवली जाते.

सगळ्यांत जास्त घात होतो तो ऑटो गेनमुळे, म्हणजे यंत्राने नोंदणीची पातळी आपोआप कमी-जास्त केल्यामुळे. शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’नंतर अक्षता, टाळ्या आणि वाजंत्री एकदम सुरू होतात, यंत्र घाबरून पातळी खाली ओढते आणि लगेच बोलू लागलेले गुरुजी विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात. ऑटो गेन बंद करून बोलण्याची पातळी मीटरवर (जिथे शून्य म्हणजे आवाज फाटण्याची मर्यादा) उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील असे हाताने ठरवावे आणि रेकॉर्डरमध्ये सोय असल्यास आणखी 10 ते 12 डेसिबल खाली चालणारा सुरक्षा ट्रॅक चालू ठेवावा. 32 बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू ते अगदी मोठा आवाज न फाटता साठवणाऱ्या पद्धतीने, नोंदवणारा रेकॉर्डर पातळीची चिंता बरीच कमी करतो, पण मोठ्या आवाजाने माईकच गुदमरला असेल, तर त्याचाही उपयोग नाही. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ नोंदणीला तासाला जेमतेम एक गिगाबाइट लागते, तेव्हा विधी सुरू होण्याआधी रेकॉर्डर चालू करावा आणि सगळे आटोपेपर्यंत थांबवू नये.

घरी माप ओलांडताना घेतलेला उखाणा लाऊडस्पीकरवर नसतो आणि तो नेमका हशात बुडतो. उंबरठ्याजवळ आधीच एक माईक लपवून ठेवावा. वधूवरांना माईक लावलाच असेल, तर ते कपडे बदलायला खोलीत जाण्यापूर्वी तो काढून घ्यावा, कारण तिथले बोलणे आपल्यासाठी नसते.

सर्व यंत्रे चालू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर एकदा ठळक टाळी वाजवावी. संकलनात त्या टाळीवर आवाज जुळवला, तरी वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालत असल्याने दीर्घ नोंदणीत ओठ आणि शब्द सुटू लागतात. विधींच्या शेवटी दुसरी टाळी असेल, तर ही घसरण मोजून आवाज ताणता येतो. सभागृहात मागे ठेवलेल्या रेकॉर्डरचा आवाज वेगळा तपासावा. आवाजाला सुमारे 14 मीटर जायला 40 मिलिसेकंद, म्हणजे 25 फ्रेमच्या चित्रीकरणातली एक पूर्ण फ्रेम लागते आणि तेवढ्यानेही गुरुजींच्या माईकशी मिसळल्यावर प्रतिध्वनी ऐकू येऊ लागतो.