टीकिंटरमध्ये दुसरी विंडो उघडताना

पायथनची फंक्शन्स, क्लास जमायला लागले की बरेच जण विंडो आणि बटणं बनवून देणाऱ्या टीकिंटर या पायथनच्या लायब्ररीकडे वळतात. एक विंडो, चार बटणं, टाइप करायला एक एन्ट्री, इथपर्यंत सगळं सुरळीत चालतं. दुसरी विंडो उघडायची वेळ आली की गाडी अडते. माझी तिथेच अडली होती.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी माझा प्रोजेक्ट ग्रंथालयाच्या देवघेवीचा होता. मुख्य विंडोवर 'नवा सभासद' हे बटण, ते दाबलं की फॉर्म उघडणार. मुख्य विंडो टीके() लिहून बनते. फॉर्मसाठीही मी पुन्हा तेच टीके() लिहिलं, कारण एका सीनियरने सांगितलं होतं, 'तेच परत लिही, चालतं.' विंडो छान उघडली. नाव टाइप केलं, सेव्ह दाबलं, आणि डेटाबेसमध्ये गेली रिकामी ओळ. एरर नाही, काही नाही. तीन दिवस मी एसक्यूलाइट या डेटाबेसची क्वेरी तपासत बसले. क्वेरीत काहीच चूक नव्हती.

घोळ कुठे होता ते नीट समजून घ्या. टीके ही मुळात टीसीएल भाषेसाठी जॉन ऑस्टरहाउट यांनी बनवलेली, विंडो आणि बटणं काढणारी टूलकिट. टीकिंटर आतून टीसीएलशीच बोलतं. टीके() जितक्या वेळा लिहाल, तितके वेगवेगळे टीसीएल इंटरप्रिटर, म्हणजे टीसीएलचा कोड चालवणारे, सुरू होतात, आणि एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही. एन्ट्रीतला मजकूर धरून ठेवणाऱ्या स्ट्रिंगव्हार() चा कंस रिकामा सोडला की ते पहिल्या टीकेला चिकटतं आणि त्याला पीवाय_व्हार0 असं नाव मिळतं. दुसऱ्या विंडोतली एन्ट्री हेच नाव शोधते, पण स्वतःच्या इंटरप्रिटरमध्ये. तिथे ते नसतं, म्हणून नवं तयार होतं. तुमचं टायपिंग जातं या नव्यात, आणि स्ट्रिंगव्हारचं गेट() वाचतं जुन्यातून. दोन सोसायट्यांमध्ये फ्लॅट 101 आहे, पत्र एकीकडे पडलंय आणि तुम्ही पेटी दुसरीकडची उघडताय. पेटी रिकामीच निघणार.

फोटोंचंही असंच. 'पीवायइमेज1 अस्तित्वात नाही' अशा अर्थाची एरर दिसली, तर आधी दुसरं टीके() कुठे लपलंय ते शोधा. ती एरर आली तर निदान सुगावा तरी लागतो. मला तोही लागला नव्हता.

म्हणून टीके() अख्ख्या प्रोग्रॅममध्ये एकदाच. बाकी प्रत्येक विंडो टॉपलेव्हल(रूट), इथे रूट म्हणजे त्या एका टीके() ची मुख्य विंडो. विंडो चालू ठेवणारं मेनलूपही एकदाच. स्ट्रिंगव्हारला मास्टर, म्हणजे ते कोणत्या विंडोचं आहे ते, कंसात द्यायची सवय आत्ताच लावा.

पुढच्या अडचणी त्यामानाने किरकोळ आहेत, घाबरू नका. फॉर्म उघडा असताना मागची विंडो वापरता येऊ नये असं वाटत असेल तर ट्रान्झियंट आणि ग्रॅब_सेट आहेत. बटण तीनदा दाबल्यावर तीन फॉर्म उघडत असतील तर आधीचा अजून उघडा आहे का ते विन्फो_एक्झिस्ट्सने तपासा आणि आधीचाच लिफ्ट करून पुढे आणा. लॉगिननंतर रूट विथड्रॉ करून लपवला असेल तर मात्र जपा. वापरणाऱ्याने टॉपलेव्हलची फुली दाबली तरी लपलेला रूट जिवंत राहतो आणि प्रोग्रॅम संपत नाही. त्या टॉपलेव्हलच्या डब्ल्यूएम_डिलीट_विंडो प्रोटोकॉलला, म्हणजे फुली दाबल्यावर काय व्हावं ते ठरवतो त्याला, रूटचं डिस्ट्रॉय जोडा.

माझं स्पष्ट मत आहे, बहुतेक नवशिक्यांना इतक्या विंडो लागतच नाहीत. एकाच विंडोत तीन फ्रेम एकाच ग्रिडच्या घरात ठेवा आणि हवी ती टीकेरेझने वर आणा. आणि माउसने ओढून कोड तयार करून देणारी टूल्स पहिल्या सहा महिन्यांत नकोच. कोण कोणाचा मास्टर, हे ती तुमच्या डोळ्यांआड ठेवतात, आणि अडायला होतं नेमकं तिथेच. सीनियरला जरूर विचारा, पण 'चालतं' म्हणाला तर 'का चालतं' हेही विचारा. उत्तर आलं नाही तर तो कोड घेऊ नका.

तुमचा फॉर्म आत्ता रिकाम्या ओळी टाकत असेल तर डेटाबेसला हात लावू नका. फाइलमध्ये टीके() शोधा. दोन सापडले तर दुसऱ्याच्या जागी टॉपलेव्हल(रूट) लिहा, त्याचं वेगळं मेनलूप काढा आणि परत एक नाव टाइप करून बघा.