अँटीव्हायरस बंद करू नका, त्याची वेळ बदला

अँटीव्हायरसच्या अपडेटच्या वेळी मशीन मंदावलं की ते बंदच करून टाकावंसं वाटतं. आमच्याकडेही ती वेळ आली होती. 19 मार्च 2025 ला रंगपंचमी होती. इंदुरात त्या दिवशी बाजार आणि ऑफिसं उघडत नाहीत, राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते आणि सगळं शहर तिकडे लोटतं. दुसऱ्या दिवशी 20 तारीख, म्हणजे जीएसटीआर-3बी हे जीएसटीचं दरमहाचं रिटर्न भरायची शेवटची तारीख. मी रामबागेत राहते आणि गेली 17 वर्षं एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. आमच्याकडे सहा मशीन्स आणि एक ब्रॉडबँड लाइन आहे.

20 तारखेच्या सकाळी सव्वादहाला आम्ही सहाही मशीन्स एकदम चालू केली. टॅली हा हिशेबाचा प्रोग्राम उघडायला चार मिनिटं लागली. कॅबिनेटवरचा लाल दिवा एरवी लुकलुकतो, तो त्या दिवशी एकसारखा पेटलेला होता आणि आतून हार्ड डिस्कची करकर ऐकू येत होती. सियागंजातल्या एका व्यापाऱ्यांचं रिटर्न भरायला घेतलं. त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला, पण पोर्टलचं पान पुढे सरकेपर्यंत त्याची मुदत संपली. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, ‘ताई, दुकानात गिऱ्हाईक उभं आहे हो.’ मला फार वाईट वाटलं.

आमचा ज्युनिअर मुलगा म्हणाला, ‘ताई, अँटीव्हायरस बंदच करून टाकतो.’ मी त्याला थांबवलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे असंच ‘दहा मिनिटांसाठी’ म्हणून बंद केलेलं अँटीव्हायरस कोणी परत चालूच केलं नव्हतं. चार दिवसांनी एका अशिलाचा पेन ड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले. बिलं परत मिळवण्यात आठवडा गेला. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातल्या कंपन्या आणि दवाखाने अडवले, तेव्हा ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी अपडेट टाळलं तेच बहुतेक अडकले. म्हणून हे आधीच सांगते: अपडेट थांबवायचं नाही, ते कामाच्या वेळेतून बाहेर काढायचं.

आधी खात्री करा की दोष अँटीव्हायरसचाच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात सीपीयू आणि डिस्क या रकान्यांच्या मथळ्यावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येतो. विंडोजचं स्वतःचं डिफेंडर असेल तर तिथे ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’ हे नाव दिसतं, विकतचं असेल तर त्या कंपनीचं. आता घड्याळ बघा. नुसतं अपडेट असेल तर बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरतं. अर्धा-पाऊण तास डिस्क 100 टक्क्यांवरच असेल तर ते बहुधा अपडेट नाही, त्याच्या मागोमाग सुरू झालेला स्कॅन, म्हणजे फायलींची तपासणी, आहे. हा फरक मला उशिरा कळला आणि तोपर्यंत मी उगाच अपडेटला दोष देत होते.

त्यामागचं कारण असं. अँटीव्हायरस एकदा तपासलेल्या फायली लक्षात ठेवतं आणि त्या पुन्हा पुन्हा तपासत नाही. नवी व्याख्या आली, म्हणजे नव्या व्हायरसांची ओळख पटवणारी यादी आली, की बऱ्याच प्रोग्रामांत जुनी तपासणी रद्द धरली जाते आणि त्याच फायली उघडताना पुन्हा तपासल्या जातात. आमच्याकडे त्या दिवशी तीन गोष्टी एकावर एक आल्या. सहाही मशीन्स एकाच लाइनवरून अपडेट ओढत होती, सुट्टीच्या दिवशी हुकलेला स्कॅन मशीन चालू होताच सुरू झाला होता, आणि आम्ही टॅली उघडत होतो.

हुकलेल्या स्कॅनचं उत्तर सेटिंगमध्येच असतं. विकतच्या अँटीव्हायरसमध्ये स्कॅन शेड्यूलच्या पानावर ‘स्कॅन चुकला तर लगेच चालवा’ अशा अर्थाची एक खूण असते, ती काढा. डिफेंडर असेल तर टास्क शेड्यूलर उघडा, मग मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोज डिफेंडर असं आत जा आणि ‘विंडोज डिफेंडर शेड्यूल्ड स्कॅन’ वर डबल क्लिक करा. ट्रिगर्समध्ये वार आणि वेळ घाला. सेटिंग्जच्या टॅबमध्ये, वेळ चुकली तर लवकरात लवकर चालवण्याची जी ओळ आहे, तिच्यावर खूण नको.

वेळ कोणती ठेवायची? रात्रीची ठेवू नका, रात्री मशीन्स बंद असतात आणि स्कॅन कधीच होत नाही. आमचे डबे दीड वाजता उघडतात. म्हणून क्विक स्कॅन रोज जेवणाच्या सुट्टीत ठेवला, पण सगळीकडे एकाच मिनिटाला नाही: पहिल्या मशीनवर 1.30, दुसऱ्यावर 1.35, असा पाच-पाच मिनिटांनी. पूर्ण स्कॅन शनिवारी दुपारी, एका शनिवारी दोनच मशीन्सवर. जेवायला उठताना मशीन बंद करायचं नाही, फक्त लॉक करायचं, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडायला महिना लागला. 7, 11 आणि 20 या तारखांच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी पूर्ण स्कॅन अजिबात ठेवत नाही. टीडीएस, जीएसटीआर-1 (विक्रीच्या तपशिलाचं रिटर्न) आणि 3बी यांना आम्ही एवढा मान देतो.

एका मशीनवर दोन अँटीव्हायरस आहेत का, तेही बघा. आमच्या रिसेप्शनच्या मशीनवर जुन्याची मुदत संपल्यावर नवं टाकलं होतं, पण जुनं काढलंच नव्हतं. दोन्ही एकाच फाइलवर तुटून पडत होती. जुनं अनइन्स्टॉल केलं, रीस्टार्ट केलं, आणि तिथली निम्मी तक्रार संपली.

टॅलीचा डेटा फोल्डर स्कॅनमधून वगळा असं बरेच जण सांगतात. वेग वाढतो हे खरं, पण त्या फोल्डरला मग राखण उरत नाही. आम्ही जे मशीन सर्व्हर म्हणून वापरतो, फक्त त्यावर मी तेवढाच एक फोल्डर वगळला आहे. रोज संध्याकाळी त्याचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेते आणि डिस्क काढून कपाटात ठेवते. डाउनलोड्स, डेस्कटॉप आणि पेन ड्राइव्ह कधीही वगळू नका, व्हायरस येतो तो बहुतेक तिथूनच.

डिफेंडर मुळात स्कॅनच्या वेळी सरासरी 50 टक्क्यांपर्यंत सीपीयू वापरतं. पॉवरशेलमधून, म्हणजे विंडोजला टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीतून, हा आकडा कमी करता येतो, आमच्या हार्डवेअरवाल्याने तो 20 केला. स्कॅन लांबतो, पण माऊस अडकत नाही.

इंटरनेटच्या लाइनवरचा ताणही कमी करता येतो. ऑफिससाठीच्या अँटीव्हायरसमध्ये बहुधा एका मशीनने अपडेट उतरवून बाकीच्यांना वाटायची सोय असते, ती विक्रेत्याकडून चालू करून घ्या. विंडोजच्या अपडेटसाठी ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये फक्त आपल्या लोकल नेटवर्कमधली मशीन्स निवडा. अँटीव्हायरस प्रोग्रामची मोठी नवी आवृत्ती आली तर आधी एकाच मशीनवर घालून दोन दिवस बघा. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर आणून ठेवली होती. रोजच्या व्याख्या मात्र अडवू नका.

एवढं करूनही एखादं मशीन रडत असेल तर त्यातली जुनी फिरती हार्ड डिस्क बदला. स्कॅन म्हणजे हजारो लहान फायली वाचणं, आणि फिरत्या डिस्कला तेच सगळ्यात जड जातं. सिल्व्हर मॉलमधून आम्ही तीन मशीन्सना एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्क, बसवून घेतल्या. सर आधी खर्चाला नाही म्हणत होते. मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवून टॅली उघडायला सांगितलं आणि शेजारी घड्याळ ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच हार्डवेअरवाल्याला फोन केला.

लागून सुट्टी येत असेल तर आदल्या संध्याकाळी हाताने अपडेट करून मगच मशीन्स बंद करते. सुट्टीनंतर अर्धा तास आधी येते, सर्व्हर चालू करते, त्याचा दिवा लुकलुकायला लागला की दुसरं, मग तिसरं.