पुण्यात मराठी आरपीजी पुस्तिका कशी काढावी

टेबलटॉप आरपीजी, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रांच्या भूमिका घेत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ, लिहू इच्छिणाऱ्याने आधी पुरस्कारांच्या याद्या वाचाव्यात, मात्र कोणता पुरस्कार कसा ठरतो हेही समजून घ्यावे. अशा खेळांसाठी २००१ पासून दिल्या जाणाऱ्या एनी पुरस्कारांची नामांकने परीक्षक ठरवतात, पण विजेते सार्वजनिक मतदानाने निवडले जातात. त्यामुळे ज्याचा चाहतावर्ग मोठा, त्याचे पारडे जड होणे स्वाभाविक आहे. म्हणून विजेत्यांपाशी न थांबता नामांकनांची संपूर्ण यादी पाहावी, कारण लहान प्रकाशकांचे धाडसी काम बहुधा तिथे आढळते. डायना जोन्स पुरस्कार मात्र समिती देते, आणि तो खेळाप्रमाणेच एखाद्या व्यक्तीला किंवा उपक्रमालाही मिळू शकतो.

गेल्या काही वर्षांतला आपल्या सर्वाधिक उपयोगाचा प्रवाह म्हणजे झीन, अर्थात घडी घालून पिन मारलेली छोटी पुस्तिका. किकस्टार्टर या लोकवर्गणी जमवण्याच्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू केलेल्या 'झीन क्वेस्ट' उपक्रमाने या प्रकाराला मोठे बळ दिले. मराठीतल्या पहिल्या खेळासाठी जाडजूड ग्रंथापेक्षा हाच आकार योग्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

नियम शून्यातून रचण्याची गरज नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या प्रसिद्ध आरपीजीच्या पाचव्या आवृत्तीचा मूलभूत नियमसंच, म्हणजे एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली खुला झाला. त्यामुळे योग्य श्रेय देऊन त्याचा मराठी अनुवाद करता येतो आणि तो विकताही येतो; परवान्याच्या मजकुरात सांगितलेले श्रेयवाक्य तेवढे पुस्तिकेत न चुकता छापावे. कथेची भूमी मात्र आपली असावी: सिंहगडाची वाट, पेठेतला जुना वाडा किंवा पानशेतचे धरण यांतून जो प्रसंग उभा राहील, तो उसन्या किल्ल्यांतून राहणार नाही.

मजकूर युनिकोडमध्येच जुळवावा, म्हणजे तीच फाइल पीडीएफ म्हणूनही वापरता येते आणि तिच्यात शब्द शोधता येतात. मुक्त परवान्याचा 'मुक्त' हा टंक यासाठी चांगला आहे. ए५ आकाराच्या पिन केलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत मोजावी लागतात, तेव्हा कोष्टके आणि पात्रपत्रक (खेळाडूने आपल्या पात्राची माहिती लिहायचे पान) यांची जागा आधीच राखून ठेवावी. पेठांमधल्या छापखान्यात जाताना एक घडी घातलेला नमुना सोबत न्यावा आणि संपूर्ण छपाईपूर्वी कागदावरचे प्रूफ अवश्य मागावे. जोडाक्षरे तुटलेली असतील तर ती तिथेच दिसतात.

छपाईआधी पुस्तिका अशा मंडळींच्या हाती द्यावी ज्यांना खेळ ठाऊक नाही, आणि ते खेळत असताना लेखकाने तोंडी खुलासा करू नये. ते जिथे अडतील, तेवढाच परिच्छेद पुन्हा लिहावा. पीडीएफ इच.आयओ या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर ठेवता येते. तिथे विक्रीतला किती वाटा संकेतस्थळाला द्यायचा हे विक्रेता स्वतः ठरवतो. एखाद्या पुरस्कारासाठी प्रवेशिका पाठवायची असल्यास त्या वर्षीचे भाषा आणि प्रकाशन-कालावधीचे नियम पाहूनच प्रकाशनाची तारीख ठरवावी.