डेस्कटॉपवरचा सी प्रोग्रॅम मेनफ्रेमवर कसा न्यावा

लिनक्सवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेला सी प्रोग्रॅम झेड/ओएसवर, म्हणजे आयबीएमच्या मेनफ्रेम या मोठ्या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर, कंपाइल होतो आणि तरीही चुकीची उत्तरे देतो. त्यात व्याकरणाची चूक नसतेच, त्यामुळे कंपायलर गप्प राहतो. चूक असते ती आपण नकळत गृहीत धरलेल्या गोष्टींत.

१. आधी डेस्कटॉपवरच तपासा. इंटेल प्रोसेसरवर जीसीसी या कंपायलरचा 'कॅर' (एका बाइटाचा अक्षर-प्रकार) साइन्ड असतो, म्हणजे उणे किमतीही धरतो; मेनफ्रेमवर तो अनसाइन्ड. जीसीसीला अनसाइन्ड कॅरचा पर्याय देऊन सगळ्या चाचण्या पुन्हा चालवा. एकेक अक्षर वाचणाऱ्या 'गेटचार'चे उत्तर कॅरमध्ये ठेवून ईओएफशी (फाइल संपल्याची खूण, उणे १) ताडणारा लूप लगेच उघडा पडेल: उणे १ चे २५५ होतात आणि लूप थांबतच नाही. ते व्हेरिएबल 'इंट' करा.

मग एस३९०एक्स (मेनफ्रेमचा प्रोसेसर) लिनक्ससाठीच्या क्रॉस-कंपायलरने प्रोग्रॅम बांधून क्यूईएमयू या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरखाली चालवा. मेनफ्रेम बिग-एंडियन आहे, म्हणजे मोठ्या किमतीचा बाइट आधी. फाइलमध्ये आख्खे स्ट्रक्चर जसेच्या तसे लिहिणारा कोड इथेच सापडतो.

२. अक्षरांचे आकडे शोधा. सर्वाधिक वेळ यातच जातो, आणि तो द्यावाच लागतो. अक्षरांना आकडे देण्यासाठी झेड/ओएस नेहमीची ॲस्की पद्धत नव्हे, आयबीएमची एबसिडिक वापरते. तिथल्या १०४७ या कोडपेजमध्ये (अक्षर आणि आकड्यांच्या तक्त्यात) मोठा ए १९३ वर, आय २०१ वर, पण जे थेट २०९ वर! आर २१७, एस २२६, झेड २३३. म्हणून 'ए ते झेडच्या मधले ते अक्षर' ही तपासणी २०८ वरच्या उजव्या महिरपी कंसालाही अक्षर ठरवते. अक्षरातून ए वजा करून २६ घरांच्या ॲरेत मोजणी केली, तर झेडचा क्रमांक ४० येतो आणि शेजारची मेमरी बिघडते. ३२ मिळवून लहान अक्षर करण्याची युक्तीही चालत नाही. त्याऐवजी सीची 'इजअल्फा', 'टोलोअर' ही फंक्शने वापरा. ० ते ९ हे अंक मात्र २४० ते २४९ असे सलग आहेत.

नव्या ओळीच्या खुणेचा आकडाही १० नव्हे, २१ आहे. सोर्समध्ये थेट १० लिहिलेले असेल तर ते बदला. नेटवर्कवर एचटीटीपी हेडर पाठवताना उलट काळजी: समोरच्याला ॲस्कीच हवे, म्हणून पाठवण्यापूर्वी रूपांतर करा.

प्रोग्रॅम मोठा असेल तर झेड/ओएसवरच्या एक्सएलसी या आयबीएमच्या कंपायलरचा ॲस्की पर्याय घेणे शहाणपणाचे. मात्र मग वाचायच्या फाइलींना 'सीएचटॅग' या कमांडने कोडपेजची खूण लावावी लागते आणि आपोआप रूपांतर चालू ठेवावे लागते.

३. फाइली हलवा. सगळ्या फाइलींचा एकत्र गठ्ठा, म्हणजे टार फाइल, बायनरी मोडमध्येच पाठवा आणि 'पॅक्स' या कमांडने सोडवताना आयएसओ ८८५९-१ (ॲस्कीचे विस्तारित रूप) मधून १०४७ मध्ये रूपांतर करा. चित्रे व इतर बायनरी फाइली वेगळ्या टारमध्ये ठेवा, नाहीतर त्यांचेही 'रूपांतर' होऊन त्या निकामी होतात. चुकून ०३७ कोडपेज वापरले तर चौकटी कंस भलत्याच जागी जातात आणि पहिल्याच ॲरेपाशी कंपायलर अडतो.

४. कंपाइल करा. एक्सएलसी न सांगता ३१-बिट कोड बनवते; 'लाँग' आणि पॉइंटर ४ बाइटांचे. ६४-बिट हवे असेल तर सर्व फाइलींना एलपी६४ हा पर्याय द्या. फंक्शन घोषित नसल्याची तक्रार आली तर पॉझिक्सचे (युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकाचे) फीचर मॅक्रो पहिल्या इन्क्लूडच्या आधी आहेत का, ते पाहा. ३१-बिट कोडमध्ये दशांश संख्या जुन्या हेक्साडेसिमल पद्धतीने साठवल्या जातात आणि 'डबल'ची कमाल सुमारे १० चा ७५ वा घात एवढीच राहते, म्हणून डेस्कटॉपवर चालणाऱ्या आयट्रिपलई पद्धतीचा पर्याय मागून घ्या.

५. चालवून पाहा. शून्य पॉइंटरमधून वाचल्यावर डेस्कटॉपवर प्रोग्रॅम कोसळतो. इथे शून्य पत्ता वाचता येतो, त्यामुळे कचरा वाचून प्रोग्रॅम पुढे जातो. लिहायला गेलात तरच ०सी४ ॲबेंड येतो, म्हणजे मेमरीच्या चुकीमुळे प्रोग्रॅम मध्येच बंद पडतो. ८० बाइटांच्या स्थिर रेकॉर्डच्या डेटासेटमध्ये (मेनफ्रेमच्या पद्धतीच्या फाइलमध्ये) टेक्स्ट लिहिताना लांब ओळी कापल्या जातात आणि परत वाचताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा गळतात.

चाचणीचे जुने अपेक्षित निकाल जसेच्या तसे जुळणार नाहीत. एबसिडिकमध्ये आधी लहान अक्षरे, मग मोठी, मग आकडे असा क्रम लागतो. ताडण्यापूर्वी दोन्ही बाजू एकाच मशीनवर क्रमाने लावा.