स्पारिंगचा माउथगार्ड कसा निवडावा, कसा बसवावा

माउथगार्ड वरच्या दातांवर चढवा आणि तोंड पूर्ण उघडा. तो खाली पडला, किंवा जिभेने हलकेच ढकलल्यावर सुटून आला, तर तो स्पारिंगच्या, म्हणजे बॉक्सिंगमधल्या जोडीदारासोबतच्या सराव-लढतीच्या, कामाचा नाही, मग त्याची किंमत काहीही असो. जो माउथगार्ड दात आवळूनच जागेवर ठेवावा लागतो, तो नेमक्या नको त्या वेळी सुटतो. राउंड संपत आला, दम लागला, हवेसाठी तोंड उघडलं की गार्ड घसरतो आणि जबडा सैल पडतो. सैल जबड्यावर बसलेला हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हा सगळ्यात वाईट.

माउथगार्ड तीन कामं करतो. वरच्या दातांवर आलेला मार अनेक दातांवर पसरवतो, ओठ आणि गाल दातांच्या कडांपासून दूर ठेवतो, आणि खालचे दात वरच्या दातांवर आपटू देत नाही. ओठाचं काम क्षुल्लक समजू नका. 1927 साली न्यूयॉर्कमध्ये जॅक शार्कीविरुद्ध खेळताना माइक मॅकटीग या बॉक्सरचा ओठ त्याच्याच तुटलेल्या दाताने फाटला, रक्त थांबेना, आणि लढत तिथेच थांबवावी लागली. माउथगार्डचा वापर रूढ व्हायला ही लढत कारण ठरली असं मानतात. पाकिटावर मात्र कधी कधी ‘मेंदूला मार लागण्यापासून बचाव’ असंही छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका. दात, ओठ आणि जबड्यासाठी माउथगार्ड आवश्यकच आहे, पण डोक्याला बसणारा हादरा तो थांबवतो असा ठाम पुरावा नाही. डोकं वाचवायचं तर स्पारिंगचा जोर कमी ठेवावा लागतो.

बाजारात तीन प्रकार मिळतात. पहिला तयार घडणीचा, पाकिटातून काढून थेट तोंडात घालायचा. तो कुणालाच नीट बसत नाही, घेऊ नका. दुसरा गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा. म्हापसा, पणजी, मडगावच्या खेळसाहित्याच्या दुकानांत बहुधा हाच दिसतो आणि आठवड्यातून दोनतीनदा स्पारिंग करणाऱ्याला, नीट बसवला तर, पुरतो. तिसरा दंतवैद्याकडून माप देऊन केलेला. वरखाली दोन्ही दात झाकणारा जोडगार्डही असतो, पण त्यात तोंडाने श्वास समोरच्या भोकातूनच घ्यावा लागतो आणि बोलता येत नाही. बॉक्सिंगला तो गैरसोयीचा.

दुकानात पाकीट हातात घेतल्यावर आधी जाडी बघा. समोरच्या दातांवर निदान 3 मिलिमीटर, दाढांच्या चावण्याच्या जागी निदान 2 मिलिमीटर जाडी बसवल्यानंतर उरायला हवी. म्हणजे न बसवलेला गार्ड याहून जाड हवा, कारण चावताना तो पातळ होतो. टाळूकडची कड मात्र पातळच बरी, 1 मिलिमीटर पुरते. ती जाड असली की जीभ अडते आणि उमासे येतात. लहान आणि मोठ्यांचं माप वेगळं असतं. मोठ्या जबड्यात लहान गार्ड घातला तर मागच्या दाढा उघड्या राहतात. रंग निवडताना लाल टाळा. हौशी स्पर्धांच्या नियमांत लाल किंवा थोडाही लाल असलेला माउथगार्ड चालत नाही, कारण तोंडातलं रक्त रेफरीला दिसायला हवं.

बसवण्याचं काम मिनिटभराचं आहे, आणि सगळं तिथेच ठरतं. म्हणून तयारी आधी करा: उकळतं पाणी, बाजूला भांडंभर थंड पाणी, झारा, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि आरसा. आधी दात घासा. गार्ड मऊ न करताच एकदा तोंडात घालून मधली खूण दोन पुढच्या दातांच्या फटीसमोर येते का, ते बघा. मागची टोकं घशाकडे टोचत असतील तर कापायची वेळ हीच. धारदार लहान कात्रीने एका वेळी दोन मिलिमीटर कापा, दोन्ही बाजू सारख्या. पहिली मोठी दाढ पूर्ण झाकलेली राहिली पाहिजे, त्याहून आत जाऊ नका.

पाणी उकळलं की गॅस बंद करा आणि अर्धा मिनिट थांबा. गार्ड झाऱ्यावर ठेवून पाण्यात बुडवा. तळाला टेकू देऊ नका, तापलेल्या पातेल्याला चिकटून तो वितळतो. किती सेकंद ठेवायचा ते पाकिटावर लिहिलेलं असतं, बहुधा 30 ते 60, आणि तेच प्रमाण मानायचं. मायक्रोवेव्ह वापरू नका. बाहेर काढून सेकंदभर थंड पाण्यात बुडवा, म्हणजे हिरड्या भाजणार नाहीत. मग आरशात बघत वरच्या दातांवर सरळ चढवा, अंगठ्यांनी दाढांवर वर दाबा, आणि चावा.

इथेच बहुतेक जण चुकतात. पूर्ण ताकदीने चावलं की दाढा गार्डच्या आरपार जातात आणि उरते ती कागदासारखी पातळ पट्टी, जी चार स्पारिंगमध्ये फाटते. पोळीचा घास चावावा इतकाच जोर द्या. खालचा जबडा पुढे काढू नका, नेहमीच्या जागी असू द्या. ओठ मिटून आतली हवा आणि पाणी जोराने शोषून घ्या, जीभ टाळूकडच्या कडेवर दाबा, आणि बाहेरून बोटांनी ओठ व गालांवरून गार्ड हिरड्यांवर दाबत न्या. सुळ्यांच्या वरची जागा विसरू नका, पकड तिथूनच मिळते. असे 25-30 सेकंद. मग काढून दोन मिनिटं थंड पाण्यात ठेवा.

आता तपासणी. दातांचे ठसे खोल आणि स्पष्ट हवेत, दोन्ही बाजूंनी सारखे. उजेडासमोर धरल्यावर दाढांच्या जागी कुठे जवळजवळ पारदर्शक दिसत असेल तर तो वाया गेला. तोंड उघडून डोकं हलवा, पडता कामा नये. नाकाने दहा श्वास घ्या, तोंडाने दहा. मग म्हणून बघा: म्हापसा, पेडणे, फोंडा, बांबोळी. ही नावं ओठ मिटल्याशिवाय उच्चारता येत नाहीत. ओठ मिटत नसतील तर समोरची कड फार जाड किंवा फार उंच आहे. शेवटी घोटभर पाणी प्या. गिळताना उमासा आला तर मागून आणखी दोन मिलिमीटर कापा.

सैल बसला तर पुन्हा गरम करून बसवता येतो, पण दोनतीनदाच, दर खेपेला तो पातळ होतो. वरच्या ओठाच्या आत मधोमध दुखत असेल तर तिथे ओठाला हिरडीशी जोडणारा पडदा घासतोय. त्या जागी इंग्रजी व्हीसारखी छोटी खाच कापा. कापलेली कड खरखरीत राहिली तर चमचा गरम पाण्यात बुडवून त्याच्या पाठीने ती गुळगुळीत करा. एकाच बाजूची दाढ आधी टेकत असेल तर स्पारिंगनंतर कानापुढच्या सांध्यात दुखतं. असा गार्ड वापरत राहू नका.

नवा गार्ड घालून थेट स्पारिंगला उतरू नका. आठवडाभर दोरीवरच्या उड्या मारताना आणि ठोसे मारायच्या बॅगवर सराव करताना घाला, रोज पंधरावीस मिनिटं. लाळ सुटणं आणि उमासे बहुतेकांचे इतक्यात कमी होतात.

स्पर्धांच्या तयारीत असलेल्यांनी दंतवैद्याकडूनच करून घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. फक्त ‘माउथगार्ड हवा’ एवढं सांगून थांबू नका. बॉक्सिंगसाठी हवा, वरच्या आणि खालच्या दोन्ही दातांचं माप घ्या, आणि दोन थर दाबाखाली जोडून करा, असं सांगा. प्लास्टिकच्या एकाच पत्र्याला निर्वात यंत्रावर ओढून केलेला गार्ड पुढच्या दातांवर, म्हणजे जिथे जाडी लागते तिथेच, पातळ होतो. खालचा जबडा पुढे असलेल्यांना कधी कधी गार्ड खालच्या दातांवर करावा लागतो, हेही तिथेच ठरेल. अक्कलदाढ अर्धवट आलेली असेल तर तेव्हाच दाखवून घ्या. खालच्या अक्कलदाढेपाशी जबड्याचं हाड कमकुवत असतं.

दातांना तारा असलेल्या मुलांनी चावून बसवायचा साधा गार्ड वापरू नये. मऊ पदार्थ तारांच्या खाचांत शिरून घट्ट होतो, आणि सरकणाऱ्या दातांना तो जागीच धरून ठेवतो. तारांसाठी वेगळे सिलिकॉनचे गार्ड मिळतात. दुधाचे दात पडायच्या वयात गार्ड काही महिन्यांतच घट्ट होतो, दर तिमाहीला बघत राहा. काढता येणारी कवळी असेल तर ती आधी काढून ठेवा.

गोव्याच्या हवेत जपणूक हा वेगळा विषय आहे. उन्हात उभ्या गाडीत किंवा स्कूटरच्या डिकीत दुपारभर राहिलेला गार्ड वाकतो, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी पकड सैल होते. पावसाळ्यात ओलाच डबीत बंद केला की बुरशी धरते. थंड पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश याने धुवा, पंख्याखाली पूर्ण वाळवा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. गरम पाण्याने कधीच धुऊ नका. गणेशचवथीच्या सुट्टीनंतर परत येताना आधी वास घेऊन आणि वाकवून बघा.

तरीही दात मुळासकट निघालाच तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, मळलेला असल्यास थंड पाण्याखाली काही सेकंद धरा, घासू नका. मोठ्या माणसाचा कायमचा दात शक्य असल्यास लगेच खाचेत परत बसवून रुमालावर चावून धरा. नाही जमलं तर थंड दुधात टाका. व्यायामशाळेजवळच्या दुकानात दुधाची पिशवी मिळतेच. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही. अर्ध्या-पाऊण तासात दंतवैद्य गाठा, किंवा बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय.

गार्ड फाटला, दाढांजवळ आरपार चावला गेला, नवं फिलिंग किंवा कॅप बसवली, किंवा पूर्वी न लागणारी कड आता टोचू लागली, की नवा घ्या. नेहमी स्पारिंग करणाऱ्याचा चावून बसवलेला गार्ड वर्षभरही टिकत नाही. पिशवीत एक बसवून तयार असलेला जादा गार्ड ठेवा.