बेंचला साग, रंध्याच्या तळाला अंजन

आमचे अण्णा जमिनीवर बसून सुतारकाम करायचे. लाकूड पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि तासायला वाकस चालवायचा. वखर, पाभर, तिफण, गाडीचं चाक, सगळं असंच. माझे गुडघे पन्नाशीतच बोलायला लागले, म्हणून मला उभ्यानं काम करायला बेंच लागला. अमळनेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये आजवर तीन बेंच केले. पहिला वाया गेला, दुसरा मेहुण्यानं कडबाकुट्टीखाली ठेवायला नेला, तिसरा टिकलाय. त्याच्यावरूनच सांगतो.

आधी उंची. सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे आणि करंगळी तळव्याला जिथं मिळते तिथून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप २९ इंच आलं. लाकडी रंधा लोखंडी रंध्यापेक्षा उंच असतो, म्हणून मी आणखी एक इंच कमी करून २८ ठेवलं. पहिला बेंच मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या मापानं ३४ इंच केला होता. रंधा मारताना अंगाचं वजन खाली पडेचना, नुसत्या खांद्यानं ढकलावं लागायचं. आठ दिवसांत खांदा धरला.

वरच्या फळीसाठी नवीन लाकूड घेऊ नका. आपल्याकडं धाब्याची घरं पडताहेत, त्यांच्या सागाच्या तुळया पन्नास-साठ वर्षं वाळलेल्या असतात. इतकं वाळलेलं लाकूड वखारीत पैसे देऊनही मिळत नाही. फक्त खिळे शोधून काढा. एक लोहचुंबक दोरीला बांधून तुळईवरून फिरवायचं, जिथं ओढलं तिथं खडूनं फुली. सॉ मिलवाल्याच्या पात्याला खिळा लागला तर पुढच्या खेपेला तो तुम्हाला दारात उभं करत नाही.

माझी फळी सहा फूट लांब, २२ इंच रुंद, साडेतीन इंच जाड. पावणेतीन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या. टोकाकडून पाहिलं की वर्षवलयांच्या रेघा उभ्या दिसल्या पाहिजेत, म्हणजे फळी रुंदीत कमी हलते. सागाला तेल असतं, म्हणून चिकटवायच्या आधी सांध्यावर थिनरचं फडकं फिरवा आणि लगेच फेव्हिकॉल लावा. आधी चार-चार पट्ट्यांचे दोन भाग, मग ते दोन एकत्र. हे काम सकाळी सातच्या आत. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की फेव्हिकॉलवर साय धरते, मग क्लॅम्प कितीही आवळा, सांधा खोटाच.

याच मे महिन्यानं माझा पहिला बेंच खाल्ला. फळी चारही पायांना बोल्ट मारून घट्ट केली होती. उन्हाळ्यात आकसली, श्रावणात फुगली, कुठंच जागा नाही म्हणून मधोमध उकलली. आताच्या फळीची रुंदी मी वर्षभर दर महिन्याला मोजली. मे आणि ऑगस्टमध्ये दीड सुताचा फरक आला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणून पुढच्या दोन पायांचे कुसू, म्हणजे भोकात बसणारी कापलेली टोकं, फळीत घट्ट बसवा आणि मागच्या दोघांची भोकं रुंदीच्या दिशेनं दोन सूत लांबट ठेवा. फळीला हलायचं असेल तर मागं हलू दे, पुढची कड जागची सुटता कामा नये.

पाय चार बाय चार, तेही तुळईचेच. आडव्या पट्ट्यांचे कुसू पायात बसवताना खुंटीचं भोक कुसवात पायापेक्षा अर्धं सूत आत, म्हणजे कुसू जिथं सुरू होतो त्या खांद्याकडं, पाडा. बाभळीची टोकदार खुंटी ठोकली की ती कुसू आपसूक आत ओढून घेते. इथं फेव्हिकॉलही लागत नाही.

आता परदेशी लाकडाचं. मलाही सोस होता. गांधीधामच्या लाकूडबाजारातून पर्पलहार्टच्या चार फळ्या आणल्या. दक्षिण अमेरिकेतलं झाड. कापल्याबरोबर मळकट करडं दिसतं, उजेडात ठेवलं की जांभळं होतं, आणि काही वर्षांनी पुन्हा तपकिरी. विकणारा म्हणाला, पूर्ण वाळलंय. शेडमध्ये मे महिना लागला आणि दोन फळ्यांना टोकापासून हातभर भेगा गेल्या. अण्णा खाटेवरून म्हणाले, ‘लाकूडले घाई चालत नही, पोऱ्या.’ उरलेल्या दोन फळ्यांच्या टोकांना मेण लावलं, दोन वर्षं सावलीत ठेवल्या, मग त्यातून वाइसचा, म्हणजे लाकूड आवळून धरणाऱ्या शिकंज्याचा, पुढचा जबडा केला. उत्तम चालतो. पण पूर्ण बेंच पर्पलहार्टचा करणं म्हणजे बैलगाडीला चांदीचं जू. फळी जड हवी आणि सपाट राहणारी हवी, एवढंच. कठीण लाकूड घासतं तिथं लावायचं: वाइसचा जबडा, पाचर, रंध्याचा तळ.

आणि त्यासाठी समुद्रापार जायचीही गरज नाही. पूर्वी जहाजाच्या पंख्याच्या दांड्याला बेअरिंग म्हणून लिग्नम व्हायटी नावाचं लाकूड वापरायचे, पाण्यात बुडतं इतकं जड. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याचा अंजनही बुडतो. गाभ्याची एक ढलपी तांब्यात टाकून बघा. तळाशी गेली की ओळखा. मात्र अंजन जुन्या घराच्या किंवा जुन्या अवजाराच्या लाकडातूनच घ्या. १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात साग, तिवस, हळदू यांच्याबरोबर अंजनही आहे. स्वतःच्या बांधावरचं झाड असलं तरी परवानगी लागते.

आता रंधा. माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळं थोडं लांबेल.

दोन इंची पात्यासाठी शिसवाचा किंवा सागाचा ११ इंच लांब, ३ इंच रुंद, अडीच इंच उंच ठोकळा घ्या. त्याच्या खाली तीन सूत जाडीची अंजनाची पट्टी चिकटवा, रेषा एकाच दिशेनं. अंजन गुळगुळीत असतं तोवर काही धरत नाही. पॉलिश पेपरनं खरबरीत करा, थिनर फिरवा आणि अ‍ॅराल्डाइट लावा. दुसऱ्या दिवशी ठोकळ्याचे दोन्ही गाल उभे कापून काढा, मधला गाभा पात्यापेक्षा अर्धं सूत रुंद राहील असे. कोणता गाल कुठला, ते पेन्सिलीनं लिहून ठेवा. नंतर आठवत नाही.

गाभ्याच्या पुढच्या टोकापासून चार इंचांवर तोंड, म्हणजे पात्याची धार बाहेर येते ती तळातली फट. तिथून मागं पंचेचाळीस अंशाचा उतार कापा. बाभूळ, अंजन असलं उलटसुलट रेषांचं लाकूड रंधायचं असेल तर पन्नास, म्हणजे तुकडे उपटत नाहीत. पुढचा तुकडा उलट्या बाजूला साठ अंशांवर. मागच्या उतारावर पातं टेकतं, ती गादी. रंधा चांगला की वाईट ते इथं ठरतं. मी पात्याच्या पाठीला काजळ लावतो, गादीवर ठेवून दाबतो आणि उचलतो. काळा डाग पडला तो उंचवटा, तो पटाशीनं खरवडायचा. पुन्हा काजळ. असं पंधरा-वीस वेळा, डाग सगळीकडं सारखा येईपर्यंत. बायको म्हणते, नातीचं काजळ तुम्हीच संपवता.

मग गालांतून आडवी दहा मिलिमीटरची शिसवाची दांडी, पात्याच्या वर तीन सूत जागा सोडून. पाचर या दांडीखाली बसते. सगळं परत चिकटवा. तोंड मुद्दाम बंद ठेवा. पातं धार आत राहील असं बसवा, पाचर ठोका आणि मगच तळ सपाट करा, कारण पाचरीच्या दाबानं ठोकळा केसभर वाकतो. शेवटी तोंड बारीक कानशीनं उघडा, पोस्टकार्ड जेमतेम जाईल एवढं. माझ्या पहिल्या रंध्याचं तोंड मी घाईत सुतभर उघडलं. तो आता फक्त ओबडधोबड कामाला.

ठोकायचा हातोडा मोडक्या बैलगाडीच्या चाकातल्या बाभळीच्या तुंब्याचा करा. पांढरा भाग काढून टाका, भुंगा त्यालाच लागतो. फळीवर लाकूड दाबून धरायला लोहाराकडून सहा सुती सळईचा आकडा वाकवून घ्या. फळीतलं भोक सळईपेक्षा जरा सैल हवं, घट्ट केलंत तर धरणारच नाही. शिसव आणि पर्पलहार्ट घासताना तोंडाला फडकं बांधा. शिसवाच्या भुशानं माझ्या मनगटांना पुरळ येतं.

आणि पावसाळ्यात रंधा पडून राहणार असेल तर पाचर सैल करून ठेवा. फुगलेल्या पाचरीनं माझ्या एका शिसवी रंध्याचा गाल उकललाय. त्यात आता नात खडू ठेवते.